२२ वर्षांचे कागद, तीन कपाटं : ऑफिसच्या फायली कशा लावाव्यात?

तापीकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमचं चोपड्याला ठिबक, पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, २००३ साली सुरू केलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही नानांची नजर पुरती आली नाही, त्यामुळे मागच्या दिवाळीपासून ते दुकानात बसत नाहीत. काउंटर नवरा बघतो, मागची ऑफिसची खोली माझ्याकडे आली आहे.

खोलीत तीन लोखंडी कपाटं, एक माळा आणि खिडकीखाली गोणपाटात बांधलेले सात गठ्ठे. त्यात ठिबकच्या अनुदानाच्या फायली (सातबारा, आठ-अ, पासबुकाची झेरॉक्स, बिल, शेतातला फोटो), कंपन्यांची खरेदी बिलं, उधारीच्या वह्या, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या, बँकेचे कागद, सगळं एकत्र.

मागच्या महिन्यात अडावदचे एक काका आले. भावाभावांत वाटणी चालू आहे, २०११ सालचं ठिबकचं बिल पाहिजे म्हणाले. मी दोन तास शोधलं. ते बिचारे उन्हात आलेले, दोनदा चहा घेऊन बसून राहिले. शेवटी घरी फोन लावला. नाना म्हणाले, "डावीकडचं कपाट, खालून दुसरा कप्पा, निळी पिशवी, वरून चार बोटं खाली." तिथेच होतं!

नाना आहेत तोवर ठीक. पण हे सगळं एका माणसाच्या डोक्यात राहू नये असं फार वाटतं. मी आडनावांप्रमाणे अ, आ, इ लावायला घेतलंय, पण तीन दिवसांतच अडकले. कोणी केलं असेल तर सांगा. कुठून सुरू करू?

सातपुडा_४४

ताई, कुठे अडकलात ते मी न बघता सांगतो. "प"वर.

तापीकाठची

अगदी बरोबर! पाटलांनी एक पूर्ण कपाट भरलं आणि दुसऱ्यात शिरले. "च"मध्ये चौधरी, "म"मध्ये महाजन, बाकीची अक्षरं रिकामी. चहार्डीच्या फायलींत तर एकच नाव, वडिलांचं नाव तेच आणि आडनावही तेच असे दोन जण निघाले.

सातपुडा_४४

आपल्याकडे आडनावावर फाईल लावणं म्हणजे केळीचे घड रंगावरून वेगळे करण्यासारखं आहे. गावावर लावा. माणूस दारात आला की आपण आधी "कोणत्या गावचे?" हेच विचारतो ना? मग कपाटालाही तेच विचारू द्या.

रावेरचा_केळीवाला

+१. आमची केळीची गाडी भरण्याची आडत आहे. बिल्ट्या, काट्याच्या पावत्या, शेतकऱ्याचे हिशोब, सगळं गावावर. पण एक काळजी घ्या, गावाचं नाव पूर्ण लिहा. तुमच्याच तालुक्यात गोरगावले बुद्रुक आणि गोरगावले खुर्द आहे, हातेड बुद्रुक आणि हातेड खुर्द आहे. "हातेड" एवढंच लिहिलेली फाईल सापडली नाही तर दोष फाईलचा नाही. आमच्याकडे पोरगा एकदा कुऱ्हे पानाचे आणि कुऱ्हा काकोडा यांचे हिशोब एकाच फाईलला लावून मोकळा झाला. एक भुसावळ तालुक्यात, दुसरं मुक्ताईनगर तालुक्यात. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी पट्टी (मालाच्या पैशांचा हिशोब) चुकली म्हणून फोन केले, तेव्हा कळलं.

भुसावळ_प्लॅटफॉर्म

आणि जुन्या कागदांत मुक्ताईनगर शोधाल तर मिळणारच नाही, तिथे एदलाबाद असतं. आमच्या आजोबांच्या खरेदीखतांवर तर "जिल्हा पूर्व खानदेश" आहे, म्हणजे आजचा जळगाव.

नंदुरबारी_मिरची

आमच्या बाबतीत १ जुलै १९९८. त्याआधीच्या प्रत्येक कागदावर जिल्हा धुळे, नंतरच्यावर नंदुरबार. जमीन तीच, विहीर तीच. आम्ही ऑफिसच्या नोंदवहीत एक रकाना "कागदावरचं जुनं नाव" असा ठेवला आहे. फार उपयोगी पडतो.

धुळ्याचा_वकील_नाही

भो, हाई ते आम्हना घरनीच गोट शे. वडील म्हणायचे, "माले माहीत शे ना!" वडील गेले आणि माळ्यावर चार पेट्या राहिल्या. कुठल्या पेटीत काय ते अजून कळलेलं नाही. ताई, नाना आहेत तोवर त्यांना खुर्ची टाकून खोलीत बसवा. तुम्ही गठ्ठा सोडा, वरचा कागद वाचून दाखवा, ते सांगतील ते पेन्सिलने लिहून घ्या. बाकी सगळं नंतर.

मेहरूणची

वरचा प्रतिसाद सगळ्यात महत्त्वाचा आहे. ताई, हे आधी करा.

मी जळगावात एका कर सल्लागारांकडे बारा वर्षं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. गावावर लावण्याशी मी अर्धीच सहमत आहे. गाव हा शोधायचा रस्ता चांगला, पण कपाटात फायली गावाप्रमाणे ठेवल्या की दर वर्षी एखादं गाव फुगतं आणि पुढचे सगळे गठ्ठे सरकवावे लागतात. आम्ही दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. प्रत्येक फाईलला एक चालू क्रमांक. १ पासून सुरू, एकदा दिला की कायमचा, बंद झालेल्या फाईलचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. कपाटात फक्त क्रमांकाने उभ्या फायली. नवी फाईल नेहमी शेवटी. आणि एक जाड बांधणीचं रजिस्टर, त्यात गाववार पानं. चहार्डीचं पान उघडायचं, नाव बघायचं, गट नंबर जुळवायचा (एकाच नावाचे दोघे इथे सुटतात), क्रमांक वाचायचा, कपाटाकडे जायचं. नवीन आलेली मुलगीसुद्धा पहिल्या दिवशी फाईल काढून देते.

दुसरं, फाईल कपाटातून बाहेर गेली की तिच्या जागी पुठ्ठ्याची उभी पाटी. पाटीवर फाईल क्रमांक, कोणी नेली, तारीख. आमच्या इथे "फाईल हरवली" म्हणून जेवढी ओरड व्हायची, त्यातल्या बहुतेक फायली कुणाच्या तरी टेबलावर दुसऱ्या फाईलखाली असायच्या. पाटी ठेवायला लागल्यापासून ती ओरड थांबली.

आणि खरेदी बिलं, बँक, जीएसटी, पगार हे शेतकऱ्यांच्या फायलींत मिसळू नका. ते वर्षावर लावा, एप्रिल ते मार्च. दर वर्षाच्या बॉक्स फाईलच्या पाठीवर वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवा. हिरव्या वर्षाच्या रांगेत पिवळी पट्टी दिसली की दारातून कळतं की चुकीच्या जागी आहे.

सातपुडा_४४

मेहरूणताई, पटलं. माझं मत बदलतो. गाव रजिस्टरात, क्रमांक कपाटात.

गोलाणीतला

एवढा व्याप कशाला? स्कॅनर घ्या, सगळं स्कॅन करा, कागद रद्दीत घाला. २०२५ साल आहे.

धुळ्याचा_वकील_नाही

आणि कोर्टात स्टॅम्प पेपरचं मूळ मागितलं की पेन ड्राइव्ह दाखवायचा का?

गोलाणीतला

मूळ दस्त ठेवा की, मी बिलांचं म्हणतोय.

मेहरूणची

स्कॅन जरूर करा, पण लावून झाल्यावर. पसारा स्कॅन केला तर संगणकात पसाराच जाईल, "स्कॅन००१, स्कॅन००२" अशा नावांचा. आम्ही फाईलचं नाव आधी क्रमांक, मग वर्ष-महिना-दिवस, मग कागद कोणता, असं ठेवतो. वर्ष आधी टाकल्याने यादी आपोआप तारखेने लागते. आणि स्कॅनची एक प्रत ऑफिसबाहेर, घरी ठेवा.

एक गोष्ट मात्र लगेच स्कॅन किंवा झेरॉक्स करा : थर्मल प्रिंटरची बिलं. पेट्रोल पंप, वजनकाटा, एटीएम, ती गुळगुळीत कागदाची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती टिकत नाहीत. मी एका पक्षकाराची मार्चमधली डिझेलची बिलं प्लास्टिकच्या पॉकेटमध्ये नीट लावून ठेवली होती, पत्र्याखालच्या कपाटात. जूनमध्ये उघडलं तर कोरी. एकावर नख ओढलं तर काळी रेघ उमटली, म्हणजे कागद तोच, मजकूर मात्र उडालेला. तेव्हापासून असं बिल आलं की त्याच दिवशी झेरॉक्स, आणि मूळ बिल झेरॉक्सच्या मागे, प्लास्टिकशिवाय.

रावेरचा_केळीवाला

हे माहीत नव्हतं. आमच्या काट्याच्या पावत्या सगळ्या तशाच आहेत. उद्याच बघतो.

अव्वल_कारकून_निवृत्त

सूनबाई, तुमची तळमळ वाचून लिहावंसं वाटलं. माझी चौतीस वर्षं महसूल खात्यात गेली. आमच्याकडे सहा गठ्ठे पद्धत असते, ती दुकानालाही चालते, म्हणून सांगतो.

पहिला गठ्ठा प्रलंबित, ज्यावर आपल्याला काम करायचं आहे. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे आपण पत्र पाठवलं आहे, उत्तर समोरून यायचं आहे. तिसरा नियतकालिकांचा, ठरलेल्या तारखांना पाठवायची विवरणपत्रं. चौथा स्थायी आदेशांचा, परिपत्रकं वगैरे, जे वारंवार बघावं लागतं. पाचवा काम संपलेला, अभिलेख कक्षात पाठवायचा. सहावा नष्ट करायचा.

तुमच्या दुकानात पहिला गठ्ठा म्हणजे अर्धवट अनुदानाचे प्रस्ताव. दुसरा म्हणजे प्रस्ताव गेला, अनुदान जमा व्हायचं आहे. हे दोन टेबलाजवळ, हाताला येतील असे ठेवा, कपाटात घालू नका. दुसरा गठ्ठा दर सोमवारी सोडून बघायचा. प्रतीक्षेतली फाईल डोळ्याआड गेली की ती मेली. तिसऱ्यात जीएसटीची विवरणपत्रं आली. चौथ्यात कंपनीचे दर, योजनेच्या मार्गदर्शक सूचना. पाचवा तुमची तीन कपाटं.

सहावा गठ्ठा मात्र कोणी बांधत नाही, आणि खोली भरते ती त्यामुळेच. आमच्याकडे कागदाला वर्ग असतो : अ कायमचा, ब तीस वर्षं, क-१ दहा, क पाच, ड एक वर्ष. फाईल बंद करतानाच वर्ग लिहायचा, म्हणजे पुढच्या माणसाला विचार करावा लागत नाही. मी नोकरीला लागलो त्या कचेरीत हे वर्षानुवर्षं कोणी केलं नव्हतं. अभिलेख कक्षाच्या मागच्या भिंतीला ओल होती आणि रुमालात बांधलेली दप्तरं भिंतीला टेकून होती. एक गठ्ठा उचलला तर रुमाल हातात आला आणि आतून वाळवीची माती खाली पडली. कागद नव्हताच. जन्म-मृत्यूच्या नोंदी होत्या त्या. एक म्हातारी बाई नातवाच्या दाखल्यासाठी तीन वेळा येऊन गेली होती. तिला काय सांगायचं होतं मला? अजून ती बाई डोळ्यांसमोर येते.

म्हणून रॅक भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर ठेवा. खिडकीखालचे सात गठ्ठे आजच उचला. गोणपाट ओल धरतं.

तापीकाठची

काका, तुमचा प्रतिसाद नानांना वाचून दाखवला. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आधी गोणपाट सोडा." आज संध्याकाळी सोडतो आहोत.

नंदुरबारी_मिरची

कूलरसमोर कपाट असेल तर तेही हलवा. मे महिन्यात सगळा ओलावा कागदावर बसतो, स्टेपलच्या पिना गंजतात आणि कागदाला तांबडी भोकं पडतात. जुन्या कागदांच्या पिना काढून सुती टॅग लावा. आणि सेलोटेप नको, दोन उन्हाळ्यांत पिवळी पडून चिकट राहते.

कळण्याची_पुरी

गठ्ठे सोडून झाले की भरीत पार्टी पाहिजे. तुमच्या शेजारी यावल तालुक्यात बामणोदची वांगी आहेतच.

रावेरचा_केळीवाला

डिसेंबर येऊ द्या, तूरकाठ्यांवर भाजू.

भुसावळ_प्लॅटफॉर्म

भरीत बाजूला ठेवा, विषयावर या. :) मला खरा प्रश्न आहे. खासगी दुकानाने कागद किती वर्षं ठेवायचे?

मेहरूणची

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोबाची पुस्तकं आणि कागद वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. म्हणजे २०२३-२४ चं वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भरायचं होतं, तर ते कागद ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतर एक वर्ष किंवा हे ७२ महिने, यात जे नंतर संपेल ते. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर कंपनी कायद्याने आठ आर्थिक वर्षं. आम्ही पक्षकारांना सरसकट आठ पूर्ण होऊ द्या असं सांगतो, हिशोब सोपा राहतो. जमीन, कर्जफेडीचे दाखले, भागीदारीपत्र, परवाने कधीच काढू नका.

सातपुडा_४४

ठिबकच्या फायलींना हे लावू नका ताई. त्याच क्षेत्रावर पुन्हा अनुदान घ्यायला सात वर्षं जावी लागतात, त्यामुळे शेतकरी जुनी तारीख विचारायला येतोच. आणि वाटणी, विमा, बँक यांसाठी केव्हा काय लागेल ते सांगता येत नाही. अडावदच्या काकांचंच बघा, चौदा वर्षांनी आले.

गोलाणीतला

हे मान्य. शेतकऱ्याची फाईल आणि दुकानाचं बिल यांचं आयुष्य वेगळं आहे. मी दोन्ही एकत्र धरत होतो.

अव्वल_कारकून_निवृत्त

नष्ट करताना यादी करा, तारीख घाला, सही करा, आणि ती यादी मात्र कायम ठेवा. दहा वर्षांनी कोणी विचारलं तर "नाही" आणि "अमुक दिवशी नष्ट केलं" या दोन उत्तरांत फार फरक आहे. रद्दीवाल्याला आधार कार्डाच्या, पासबुकाच्या झेरॉक्स तशाच देऊ नका. फाडून, भिजवून द्या. ती लोकांनी विश्वासाने दिलेली कागदं आहेत.

धुळ्याचा_वकील_नाही

एक विनंती सगळ्यांनाच. जुन्या गठ्ठ्यात मोडी कागद निघाले तर रद्दीत घालू नका. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून लोकांच्या घरातली दप्तरं गोळा केली आणि ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या मागे १९२७ साली मंडळ उभं राहिलं. आमच्या माळ्यावरच्या एका पेटीतले कागद मी मोडी वाचणाऱ्यांना दाखवले. आजोबांच्या वडिलांनी बैलजोडीसाठी घेतलेल्या कर्जाचा कागद निघाला, खाली नांगराची निशाणी. सही येत नव्हती त्यांना. तो कागद मी हातात धरून बराच वेळ उभा होतो.

कळण्याची_पुरी

वाचून अंगावर काटा आला.

तापीकाठची

सहा आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा.

गोणपाटातल्या सातपैकी एका गठ्ठ्याला वाळवी लागलीच होती, पण त्यात कंपन्यांची जुनी कॅटलॉगं होती. बाकी सहा वाचले. नाना रोज सकाळी दोन तास येऊन बसायचे. मी नाव आणि गाव वाचायचे आणि ते सांगायचे, "हा विहिरीवाला, याचा गट रस्त्याला लागून आहे," "हे दोघे चुलतभाऊ, फाईल एकच, दोन करा." अशा ६३ फायलींच्या प्रत्येकी दोन झाल्या. मी फक्त कागद वाचले असते तर हे मला कधीच कळलं नसतं.

मेहरूणताईंच्या पद्धतीने क्रमांक दिले. १ ते १,१८६ झाले आहेत, अजून माळा बाकी आहे. गाववार रजिस्टर केलं, धानोऱ्यासमोर "प्र. अडावद" (प्रगणे अडावद) पूर्ण लिहिलं. पुठ्ठ्याच्या पाट्या मुलाने वहीच्या जुन्या कव्हरांतून कापून दिल्या. प्रतीक्षाधीन गठ्ठा टेबलाच्या उजव्या हाताला आहे आणि पहिल्याच सोमवारी त्यात एक प्रस्ताव निघाला, ज्यात बँक खात्याचा एक आकडा चुकला होता. शेतकरी आठ महिने अनुदानाची वाट बघत होता. दुरुस्ती पाठवली आहे.

काल लासूरचे एक दादा आले, २०१४ चं बिल मागायला. मी घरी होते, नवरा बाजारात. दुकानात फक्त आमचा कामावरचा मुलगा, त्याला येऊन महिना झाला आहे. त्याने लासूरचं पान उघडलं, गट नंबर विचारला, क्रमांक ४०७, फाईल काढली, झेरॉक्स दिली, मूळ बिल परत लावलं आणि पाटी काढली. दादांनी पाणी मागितलं होतं, ते पिऊन होईपर्यंत काम झालं.

एकच विचारायचं राहिलं. निळी पिशवी रिकामी झाली आहे. नाना म्हणतात टाकून दे. मी ती कपाटाच्या आत खिळ्याला अडकवून ठेवली आहे.

अव्वल_कारकून_निवृत्त

राहू द्या सूनबाई. वर्ग अ.

रावेरचा_केळीवाला

ताई, ते सुती टॅग कुठून घेतले? आमच्याकडे सगळे प्लास्टिकच्या टोकाचे मिळतात, दोन महिन्यांत टोक तुटतं.

तापीकाठची

जळगावला फुले मार्केटमध्ये मिळाले भाऊ. पितळी टोकाचे मागा, आणि लांबी जरा जास्त घ्या. अनुदानाची फाईल जाड होते.